एका तोंडाचा माणूस

शाहूपुरीत आमची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. त्या लॅबमध्ये शिवी न देणारा एकच माणूस होता, आणि शिव्यांसाठी सगळ्या गल्लीत तोच प्रसिद्ध होता. शमुवेल लोंढे. पेशंट, डॉक्टर, रिक्षावाले, सगळ्यांचे लोंढेमामा.

कोल्हापुरात शिवी ही काही रागाची गोष्ट नाही. जिवाभावाचा मित्र भेटला की आधी शिवी, मग चहा. मामांच्या तोंडात ती कधी आली नाही. पण रागवायला तर त्यांनाही लागायचंच. लॅबच्या पायरीला चिकटवून कुणी रिक्षा लावली की मामा दारातून गरजायचे, "अरे पलिष्ट्या, पेशंट काय उडी मारून आत येणार?"

बाजी नावाचा रिक्षावाला होता. त्यानं एकदा रिक्षा बाजूला घेतली आणि तो सरळ आत आला.

"मामा, रोज ऐकतोय. ही कुठली शिवी म्हनायची?"

"शिवी नव्हं रे. बायबलातली, जुन्या काळातली एक जमात. उंचपुरी, दांडगी माणसं. ढाल-तलवार घेऊन मैदानात उतरायची."

"म्हंजे पैलवान की."

"तसंच समज."

"मग बिनघोर म्हना," असं म्हणून बाजी गेला. आठ दिवसांत स्टँडवरचे सगळे रिक्षावाले एकमेकांना 'काय पलिष्ट्या' म्हणून हाका मारायला लागले. मामांना त्याचं फार वाईट वाटलं. आपण गावाला एक नवी शिवी दिली, असं ते मामींना म्हणाले म्हणे.

मी त्या लॅबमध्ये लागले ती १९९२ साली. गडहिंग्लजहून बी.एस्सी. होऊन आलेली, राजारामपुरीत आत्याकडे राहणारी. आमचं घर लिंगायत, वडिलांचं कापडाचं दुकान, घरात अर्धं बोलणं कानडी, अर्धं मराठी. मुलगी कुठं काम करणार ते बघायला वडील स्वतः आले. लॅबचे मालक डॉ. मगदूम बाहेर गेले होते. मामांनीच त्यांना लॅब दाखवली. बुटका, सावळा माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, चष्म्याला गळ्यात अडकवलेला दोरा, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पँटच्या पायाला चिमटा. त्यांनी "सलाम" म्हणून हात जोडले. त्यांच्या ख्रिस्ती मंडळींत भेटल्यावर तसंच म्हणतात. वडिलांनी गडबडीत "वालेकुम सलाम" म्हटलं, आणि मामांनी तेही आनंदानं घेतलं.

आतल्या खोलीच्या दाराला एक वीट लावलेली होती. दार लागू नये म्हणून.

"कडी मोडलीय काय?" वडिलांनी विचारलं.

"कडी चांगली आहे. तुमची मुलगी आणि मी दिवसभर इथं आत काम करणार. दार उघडं राहील."

वडील अवघडले. "अहो, आमचा काय तुमच्यावर संशय न्हाई."

"तुमचा नसेल," मामा शांतपणे म्हणाले, "पण माझा माझ्यावर आहे. मी माणूसच आहे. वीट असलेली बरी."

वडील बाहेर आले आणि मला म्हणाले, "उद्यापासनं ये कामावर. हितं काळजी न्हाई."

त्या विटेची पुढं मला इतकी सवय झाली, की बंद दाराच्या खोलीत कुणी साहेब बोलवायला लागला तर मी अजूनही आधी खाली बघते. एखाद्या बाईचं रक्त घ्यायचं असेल तर मामा मला हाक मारायचे. मी नसले तर तिच्याबरोबर आलेल्या माणसाला आत बसवायचे. लॅबच्या मागं पोरांचा अड्डा होता. तिथं येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर काही बोललं गेलं, की मामा हातातली बाटली घेऊन जाऊन उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. बाटलीत काय आहे हे पोरांना माहीत नसायचं, आणि ती आपोआप पांगायची.

त्या काळात काचेच्या ट्यूब धुऊन पुन्हा वापरायचो. धुवायला एक बाई होती. तरी तिनं धुतलेल्या ट्यूब मामा पुन्हा धुवायचे, उजेडाकडं धरून बघायचे. मला कंटाळा यायचा. "मामा, स्वच्छच आहेत की."

"दिसतायत स्वच्छ. आत कालचं जरासं राहिलं असलं, की आजचं रक्त खोटं बोलतं. रक्ताचा काय दोष?" मग ट्यूब ठेवून म्हणायचे, "माणसाचं पण असंच हाय बघ." एवढंच. उपदेश त्यांचा एका ओळीच्या वर कधी गेला नाही.

पण मला पहिला धडा मिळाला तो उपदेशानं नव्हे. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. दुपारी फोन वाजला. एका नर्सिंग होमला डॉक्टरांशी बोलायचं होतं. डॉक्टर आत जेवत होते. त्यांनी मला हातानंच खूण केली, नाही म्हणून सांग. मी सांगितलं, "डॉक्टर बाहेर गेलेत." फोन ठेवला.

मामा सूक्ष्मदर्शकावरून उठले. आत गेले. मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"डॉक्टरसाहेब, दोन मिनिटं व्हरांड्यात येता का?"

"काय झालं?"

"सुमननं फोनवर सांगितलंय तुम्ही बाहेर गेलाय म्हणून. पोरगी नवीन आहे. तिचा पहिलाच आठवडा खोटा पडायला नको."

डॉ. मगदूम मोठे भले गृहस्थ. त्यांनी एकदा मामांकडं बघितलं, एकदा भेंडीच्या भाजीकडं, आणि डबा हातात घेऊन ते खरंच व्हरांड्यात गेले. उन्हात उभं राहून दोन घास खाल्ले. समोरच्या पानवाल्यानं विचारलं, "काय डॉक्टर, आज बाहेर जेवण?" डॉक्टर म्हणाले, "व्हय, बाहेर गेलोय."

लाजेनं मला मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फोन आला तेव्हा मी म्हणाले, "डॉक्टर जेवतायत, अर्ध्या तासानं करता का?" पलीकडचा माणूस म्हणाला, "बरं, जेवू देत की." कुणालाच काही वाटलं नाही. इतकी वर्षं आपण कशाला खोटं बोलत होतो, असा प्रश्न डॉक्टरांनाही पडला असावा, कारण पुढं त्यांनी कधी खूण केली नाही.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. पण मामांच्या खरेपणाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली, असंही मी बघितलंय.

राजारामपुरीतल्या एका मुलीचं लग्न ठरत होतं. ती मधे आजारी पडली होती आणि तिचं रक्त आमच्याकडं तपासलेलं होतं. मुलाचा काका एके दिवशी आला. अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. त्याला तो रिपोर्ट बघायचा होता.

"रिपोर्ट ज्याचा त्याला मिळतो," मामा म्हणाले.

"बघायला नको. नुसतं सांगा, सगळं नीट हाय न्हवं? एक शब्द."

मी रजिस्टर बघितलं होतं. रिपोर्ट अगदी चांगला होता. साधा ताप होता तिला. मामा एक शब्द बोलले असते तर सगळं मिटलं असतं. मामा म्हणाले, "मी काहीच सांगणार नाही."

"म्हंजे कायतरी हाय तर."

"असंही मी म्हणालो नाही. तुम्ही तिच्या वडलांना विचारा."

तो गेल्यावर मी चिडले. "मामा, चांगलंच तर होतं. सांगायचं की."

"आज चांगल्या मुलीचं चांगलं म्हणून सांगितलं, की उद्या दुसरीच्या वेळी मी गप्प बसलो तर ते गप्प बसणंच रिपोर्ट होईल. मग तिचं काय करू?"

मी रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं. पण ते स्थळ मोडलं. चार दिवसांनी मुलीचे वडील आले. लॅब भरलेली होती. सगळ्यांसमोर ते मामांना बोलले. तुमच्या सोवळेपणापायी माझ्या पोरीचं वाटोळं केलंत, एक शब्द जड झाला होता काय? मामा उभे राहून ऐकत होते. कान लाल झालेले. वडील दमल्यावर त्यांच्या मागं उभी असलेली मुलगी पुढं आली. मला आठवतंय, तिच्या हातात पुस्तकं होती, कॉलेजवरून तशीच आली असावी.

ती म्हणाली, "बाबा, त्यांनी सांगितलं नाही तेच बरं केलं. मला न विचारता माझं रक्त बघायला आलेली ती माणसं. उद्या आणखी काय काय बघितलं असतं?"

वडील तिला घेऊन गेले. पुढं दोन-तीन वर्षांनी तिचं लग्न झालं, इचलकरंजीला. पेढे द्यायला ती स्वतः आली होती. पण त्या दिवशी मामा डबा न उघडताच बसून राहिले. संध्याकाळी सायकल काढताना म्हणाले, "सुमन, मी बरोबर होतो असं वाटतंय. पण त्या बापाचं तोंड डोळ्यांपुढनं जात नाही." त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी कुणी विचारलं, मामा, एवढं कशाला, तर ते हसून म्हणायचे, "देवापुढं जाताना एकच तोंड न्यायचं असतं. दोन वापरली तर तिथं कुठलं लावू?"

आणि मग चंदगडची म्हातारी.

पावसाळा होता. राजारामपुरीच्या पार्वती गावडे म्हणून एक बाई आल्या. आठ दिवसांपूर्वी त्यांची साखर तपासली होती, ती ठीक निघाली होती. तरी तहान भागेना, वजन उतरत चाललेलं, म्हणून पुन्हा तपासायला आल्या. मामांनी तपासलं. साखर चांगलीच वाढलेली. मामांनी मागचं रजिस्टर काढून बघितलं.

आठ दिवसांपूर्वी त्याच सकाळी आणखी एक पार्वती गावडे येऊन गेल्या होत्या. चंदगड तालुक्यातल्या एका खेड्यातली म्हातारी, मुलाबरोबर आलेली; गावाचं नाव पैशांच्या पावतीवर होतं. मामांनी दोघींचे रिपोर्ट अदलाबदल केले होते. या बाईंची साखर त्या म्हातारीच्या नावावर गेली होती. म्हणजे धडधाकट म्हातारी त्या रिपोर्टावरून आठ दिवस साखर उतरवायच्या गोळ्या खात असणार.

डॉक्टर म्हणाले, "लोंढे, आजच पत्र टाकू."

"पत्र पोचायला चार दिवस लागतील. तोवर ती रोज गोळी घेणार. कुठंतरी चक्कर येऊन पडली तर?"

"बरं, जा मग. पण सांगताना मशीन बिघडलं होतं म्हणा. लॅबचं नाव आहे."

"मशीन चांगलं आहे, डॉक्टरसाहेब," मामा म्हणाले. "बिघडलो होतो मी."

म्हातारी कानडीच जास्त बोलायची, म्हणून मामांनी मला चल म्हटलं. आणि मी येणार म्हणून मार्थामामींनाही घेतलं. मामी अंगानं भरल्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या आणि तोंडानं मोकळ्या. पहाटेची पहिली एस.टी., खिडकीतून पाऊस आत येतोय, आणि मामी मला सांगतायत, "ह्यांचं खरं बोलणं आणि माझे गुडघे, दोन्ही एकदमच संपणार बघ." पण निघताना मामांच्या पिशवीत कोरडा टॉवेल, सदरा आणि डबा त्यांनीच भरला होता.

फाट्यावर उतरून चिखलातून तासभर चाललो. घर सापडलं. सोप्यात म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. गार वारं सुटलेलं आणि तिच्या कपाळावर घाम. हात थरथरत होते. सून म्हणाली, "दोन दिस झालं असंच कराय लागलीय. सकाळी गोळी घेतली. भात बंद, भाकरी अर्धी. डॉक्टरनं सांगितलंय न्हवं."

मामांनी चप्पलही काढली नाही. "गूळ आहे का घरात? पाण्यात कालवून आण, बाळ. लगेच."

"गूळ? आवं, शुगर हाय त्यास्नी."

"नाही. मी सांगतो, नाही. आण आधी."

तिनं आणलं. मामांनी स्वतः तांब्या म्हातारीच्या तोंडाला लावला. पाव तासात तिचा घाम थांबला. डोळ्यांत ओळख आली. तोवर मुलगा शेतावरून आला, अंगावरून पाणी निथळत. मामा उठले आणि त्यांनी सगळं सांगितलं. दोन नावं, एकच सकाळ, चूक माझ्या हाताची. डॉक्टरांची नाही, मशीनची नाही.

मुलानं त्यांचा सदरा गच्च धरला. "आई मेली असती तर?"

"तर मी मारली असती," मामा म्हणाले.

मुलानं सदरा सोडला नाही. मामी उठायला लागल्या, पण गुडघ्यानं उठू दिलं नाही. म्हातारीनं मला जवळ बोलावलं आणि कानडीत विचारलं, तो माणूस काय म्हणतोय? मी सांगितलं, तुम्हाला काही आजार नाही, आमच्याकडून चूक झाली, ती सांगायला आलाय. मग तिनं मराठीत, सगळ्यांना कळेल असं विचारलं, "मंग आता भात खाऊ?"

"खा आज्जी," मामा म्हणाले. "पोटभर खा."

"त्यास्नी सोड रं," म्हातारी मुलाला म्हणाली. "एवढ्या पावसात आपली चूक सांगाय कोन येतंय? सूनबाई, तांदूळ जास्त टाक. मानसं भिजल्यात."

भात झाला. म्हातारीनं दोनदा मागून घेतला. मुलगा तोंड फिरवून बसला होता. पण मामांच्या पानातला भात संपलेला बघून त्यानंच पुन्हा वाढला. नंतर त्याला आणि म्हातारीला घेऊन आम्ही चंदगडच्या सरकारी दवाखान्यात गेलो. मामांनी तिथल्या डॉक्टरांना कागद दाखवले, त्यांनी गोळ्या बंद केल्या, आणि मग आम्ही परतीच्या गाडीत बसलो. मामा खिडकीशी डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते. मामी मला हळूच म्हणाल्या, "प्रार्थना चाललीय. आभार मानतायत, माफी मागतायत, दोन्ही. गडहिंग्लज येईस्तोवर बोलू नकोस."

लॅबचं नाव जाईल ही डॉक्टरांची भीती खोटी ठरली. त्या बाजूचे पेशंट उलट वाढले. एकानं मला सांगितलं, "तुमच्यात चुकलं तर घरी येऊन सांगत्यात म्हनं." मामांना ही स्तुती मुळीच आवडली नाही. त्यांनी तेव्हापासून प्रत्येक नावापुढं गाव आणि नवऱ्याचं किंवा वडलांचं नाव लाल शाईनं लिहायची पद्धत घातली. आज आमच्याकडं सगळं संगणकावर आहे, तरी मी पेशंटला नाव दोनदा विचारते.

एका नाताळात मामांनी आम्हा सगळ्यांना चर्चमध्ये बोलावलं. गाण्याच्या रांगेत मामा पहिले. इतका प्रेमळ आणि इतका बेसूर आवाज मी ऐकलेला नाही. पेटी एकीकडं, बाकीची मंडळी दुसरीकडं, आणि मामा एकटेच डोळे मिटून तिसरीकडं. नंतर घरी करंज्या खाताना त्यांनी विचारलं, "कसं झालं गाणं?"

"छान," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं नुसतं बघितलं. मी हातातली करंजी खाली ठेवली. "मामा, तुमचा सूर लागत नाही," मी म्हणाले.

"कधीपासनं?"

"मी आजच ऐकलं."

ते मामींकडं वळले. "मार्था, तुला ठाऊक होतं?"

"लग्नाच्या आधीपासनं," मामी म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कधी?"

मामा इतके हसले, की करंजीचं सारण सदऱ्यावर सांडलं. मला वाटलं, आता गाणं बंद. पुढच्या नाताळाला बघते तर मामा पुन्हा पहिल्या रांगेत, तेवढ्याच मोठ्यानं. म्हणाले, "सूर दिला नाही देवानं, घसा दिलाय. जे दिलं ते वापरतो. लोकांना ठाऊक आहे म्हटल्यावर फसवणूक नाही ती."

दोन हजार साल उलटल्यावर नवी मशीनं आली, काचेच्या ट्यूब गेल्या, आणि मामा निवृत्त झाले. लॅब दुसऱ्या मजल्यावर गेली. मामा-मामी कधीमधी यायचे, बसायचे, बाजीच्या मुलाच्या रिक्षातून परत जायचे. २००८च्या पावसाळ्यात मामा झोपेतच गेले. त्यांची मला आठवते ती शेवटची गोष्ट त्याआधी दोनेक महिन्यांची.

मामींनी त्यांना तपासणीला आणलं होतं. वयाप्रमाणं साखर, बाकीचं सगळं बघायला. मामींना जिना चढवेना म्हणून त्या खालीच फूटपाथवर स्टुलावर बसल्या. मामा एकटे वर आले. मी विचारलं, "उपाशी आहात ना?" ते म्हणाले, "हो." त्यांचं रक्त मीच घेतलं. हात वाळला होता, पण शीर अजून चांगली होती. तसं मी म्हणाले तर म्हणाले, "वापर कमी झालाय." सलाम करून ते गेले.

मी नळीवर नाव लिहीत होते, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश, मधे थांबत. मामा दारात उभे, कठड्याला धरून, धाप लागलेली.

"काय झालं मामा? काही राहिलं का?"

"सुमन, ते रक्त टाकून दे. सकाळी मार्था तपासणीनंतर खायला चिक्की बांधून घेत होती. एक तुकडा खाली पडला. मी उचलून तोंडात टाकला. खाली गेल्यावर आठवलं."

"केवढा तुकडा?"

त्यांनी नखाएवढं दाखवलं.

"मामा, एवढ्यानं काही होत नाही. त्यासाठी दोन मजले चढून आलात?"

"तू विचारलंस, उपाशी आहात ना. मी हो म्हणालो," ते म्हणाले. "उद्या येतो."

मी त्यांना खाली सोडायला निघाले, तर त्यांनी हातानं थांबवलं. मी खिडकीशी गेले. थोड्या वेळानं ते खाली रस्त्यावर दिसले. मामी स्टुलावरून त्यांना काहीतरी बोलत होत्या, हातवारे करकरून; वर ऐकू येत नव्हतं, पण काय बोलत असतील ते मला न ऐकताही कळत होतं. मामा मान खाली घालून हसत होते. मग मामींनी पिशवीत हात घातला आणि चिक्कीची पुडी काढून त्यांच्यापुढं धरली. तपासणी आता उद्यावर गेलीच होती. मामांनी वडी मोडली, मोठा तुकडा मामींना दिला, आणि भर उन्हात शाहूपुरीच्या त्या गर्दीत ते दोघं निवांत चिक्की खात बसले.